अंडी फिरवली नाहीत तर पिल्लू आतच का मरतं? घरच्या घरी असा बनवा इनक्युबेटरचा ऑटोमॅटिक टर्नर

ठाण्यातलं बाळकुम सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडीच्या बाजूचं पहिलं गाव लागतं कशेळी. मेट्रो ५ चे खांब, गोदामांच्या शेड, नवे टॉवर आणि या सगळ्याच्या मधून सकाळी अजूनही आरवणारे गावठी कोंबडे. माझा मामा तिथलाच. त्याने व्हिडिओ बघून थर्माकोलच्या पेटीचा इनक्युबेटर केला. बल्ब, थर्मोस्टॅट, छोटा पंखा, पाण्याची वाटी, सगळं जागच्या जागी. ३० गावठी अंडी ठेवली. २१ दिवसांनी पिल्लं बाहेर आली फक्त नऊ.

उरलेली अंडी फोडून पाहिली तर बऱ्याच अंड्यांत पिसं आलेलं, चोच आलेलं, अख्खं पिल्लू होतं. मेलेलं. आणि अंगाला अंड्याचा पांढरा चिकट द्रव तसाच लागलेला.

तापमान तर रोज बरोबर होतं. मग मामीने कॅलेंडर काढलं आणि बोट ठेवलं. अंडी ठेवल्यापासून चौथा, पाचवा, सहावा दिवस. घरात लग्न होतं. आता आगरी गावातलं लग्न म्हणजे हळदीपासून काय असतं ते ठाणे-रायगडवाल्यांना वेगळं सांगायला नको. तीन दिवस अंड्यांना कुणी हातच लावला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, तीन दिवस अंडी फिरवली नाहीत तर एवढं काय बिघडतं?

तर विषय असा आहे. अंड्यातला पिवळा बलक पांढऱ्या भागापेक्षा हलका असतो, त्यामुळे तो वर तरंगतो. जीव धरतो तो बलकाच्या वरच्या बाजूला. अंडं एकाच जागी पडून राहिलं तर हा कोवळा गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. शिवाय याच काळात गर्भाभोवती रक्तवाहिन्यांची जाळी कवचाच्या आतून पसरत असते. पिल्लू श्वास घेतं ते या जाळीतूनच. अंडं फिरलं नाही तर जाळी नीट पसरत नाही आणि पांढरा भाग पिल्लाच्या पोटात जायचा तो बाहेरच राहतो. मामाच्या पिल्लांच्या अंगाला लागलेला चिकट द्रव बहुतेक तोच. म्हणजे चूक होते पहिल्या आठवड्यात आणि कळते २१व्या दिवशी. न्यू नावाच्या संशोधकाने १९५७ मध्येच दाखवलं होतं की अंडी फिरवण्याच्या दृष्टीने चौथा ते सातवा दिवस सगळ्यात नाजूक. मामाचं लग्नघर नेमकं त्यात सापडलं.

खुडूक कोंबडीला हे कुणी शिकवत नाही. ती चोचीने अंडी सरकवत, उलटत राहते, रात्रीसुद्धा. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांमध्ये हजारो वर्षं अंडी उबवली गेली, तिथे हे काम माणसं हाताने करायची. आजच्या मोठ्या हॅचरीत मशीन साधारण दर तासाला ट्रे कलता करतं.

हाताने फिरवायचं असेल तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम आकड्यात. कारण रात्रीचा मोठा वेळ अंडं एकाच बाजूवर असतं. आकडा विषम असला की आज रात्री एक बाजू वर आणि उद्या रात्री दुसरी. पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवायचा. आणि एकाच दिशेने गोल गोल फिरवत राहायचं नाही. तसं केलं तर बलक धरून ठेवणारे दोर पिळले जातात आणि रक्तवाहिन्या तुटू शकतात. एकदा इकडे, एकदा तिकडे.

हे १८ दिवस न चुकता करणं बोलायला सोपं. म्हणून टर्नर.

घरगुती टर्नर दोन प्रकारचे. एकात अंडी आडवी असतात आणि जाळीची चौकट त्यांना पुढे-मागे लोळवते. गावठी अंड्याची जाडी साधारण ४ सेंमी धरली तर घेर होतो साडेबारा सेंमी, म्हणजे अंडं अर्धं फिरवायला चौकट सव्वासहा सेंमी सरकायला हवी. दुसऱ्यात अंडी ट्रेमध्ये उभी, रुंद टोक वर, आणि अख्खा ट्रे सी-सॉसारखा एकदा डावीकडे ४५ अंश, मग उजवीकडे ४५ अंश कलतो. मला दुसरा आवडतो, कारण अंडी घासत नाहीत आणि अडकतही नाहीत. पण ४५ म्हणजे ४५. वीस-पंचवीस अंशांवर भागवलं तर पिल्लं कमी निघतात.

गोल फिरणाऱ्या मोटरमधून हे डावं-उजवं हलणं कसं काढायचं? भिवंडीकरांनो, याचं उत्तर तुमच्या गल्लीतच खडखडतंय. पॉवरलूममध्ये मोटर गोल फिरते आणि फणी पुढे-मागे आपटते, ती क्रँकमुळे. टर्नरमध्ये तेच करायचं, फक्त फार हळू.

मोटर कुठली? गणपतीच्या मखरामागे चक्र फिरवायला लावतात ना, तीच छोटी सिंक्रोनस मोटर. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळते. तिच्यावर '५/६ आरपीएम' असं छापलेलं असतं, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर मिनिटाला ५ फेरे. सुरू होताना ती कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे, पण क्रँकला त्याने काहीच फरक पडत नाही.

माप सोपं आहे. ट्रे ज्या आसावर कलतो तिथून खाली ६ सेंमी लांबीची एक पट्टी घट्ट बसवा. मोटरच्या चकतीवर मध्यापासून ४.२ सेंमीवर खिळा ठोका. पट्टीचं खालचं टोक आणि हा खिळा एका आडव्या लांब दांडीने जोडा. झाला ४५ अंश. (६ गुणिले ०.७, शाळेतला साइन ४५ इथे कामाला आला.) दांडी जितकी लांब तितकं दोन्हीकडचं कलणं सारखं. आणि आस अंड्यांच्या मधल्या उंचीवर हवा. तो खाली राहिला तर सगळं वजन वर जातं आणि छोटी मोटर दमते.

खरी गोम टायमरमध्ये आहे. ५ आरपीएमला अर्धा फेरा ६ सेकंदांत होतो. मग सायकल टायमरवर ६ सेकंद चालू, एक तास बंद असं लावलं की झालं? मामाने तेच केलं. दर वेळी अर्ध्या सेकंदाचा फरक पडत गेला आणि दुसऱ्या दिवशी ट्रे चक्क सपाट उभा. उपाय सापडला गाडीच्या वायपरमध्ये. वायपर बंद केला तरी काचेच्या खाली जाऊनच थांबतो. तसंच मोटरच्या चकतीच्या कडेला समोरासमोर दोन खाचा करायच्या आणि कडेला टेकेल असा मायक्रोस्विच लावायचा. तो दाबलेला असताना वीज चालू, खाचेत गेला की बंद. टायमरचा संपर्क त्याला समांतर जोडायचा. टायमर फक्त दोन सेकंद ढकलतो, थांबवायचं काम खाच करते. ट्रे पूर्ण कललेला असतानाच स्विच खाचेत पडेल, असं आधी हाताने फिरवून जुळवून घ्या.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. ही मोटर २३० व्होल्टवर चालते आणि पेटीच्या आत वाफ आणि पाणी असतं. मोटर, टायमर, स्विच सगळं पेटीच्या बाहेर ठेवा, आत फक्त दांडी जाऊ द्या. थर्माकोल पेट घेतो, त्यामुळे बल्ब आणि पेटी यांच्यात अंतर हवंच. वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अंडी ठेवण्याआधी दोन दिवस टर्नर रिकामा नको, बटाटे भरून चालवा. अंड्यांच्या वजनाला तो अडतो का ते तेव्हाच कळतं.

लाईट गेली तर काही तास टर्नर थांबला म्हणून घाबरू नका. तेव्हा काळजी तापमानाची. पंख्याच्या पेटीत ते ३७.५ अंशांच्या आसपास टिकायला हवं, म्हणून पेटी गोधडीने झाका. फक्त बल्बचं बटण आधी बंद करा, आणि लाईट आली की गोधडी लगेच काढा.

१८व्या दिवशी टर्नरचा प्लग काढायचा. पिल्लू आता बाहेर पडायच्या स्थितीत वळत असतं, त्याला हलवायचं नाही. अंडी ट्रेमधून काढून सपाट जाळीवर आडवी ठेवा, पाण्याची वाटी मोठी करा म्हणजे आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर जाईल, आणि आतून टकटक ऐकू आली तरी झाकण उघडू नका. मामाने या वेळी झाकणावर सेलोटेप लावून ठेवलीय, मामीच्या सांगण्यावरून.