रिकव्हरी पेनड्राईव्हची कुळकथा

पोलादपूर तालुक्यात सह्याद्रीच्या अंगावर वसलेल्या कुडपणसारख्या गावात घरचा कॉम्प्युटर रुसतो तो बहुधा पावसाळ्यात. वीज जाते, येते, पुन्हा जाते. नेमकं त्याच क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर विंडोजची एखादी फाइल अर्धवट राहते. मग बटण दाबल्यावर पंखा फिरतो, कंपनीचं चिन्ह उमटतं आणि सगळं तिथेच अडतं. मुलांचे फोटो, शेताचे कागद, बारावीचा प्रोजेक्ट, सगळं आतच. घाटात दरड आली असेल तर पोलादपूर-महाडच्या दुकानापर्यंत मशीन नेणंही शक्य नसतं. अशा वेळी घरात तयार ठेवलेला एक बूटेबल पेनड्राईव्ह, म्हणजे ज्यावरून मशीन सुरू करता येतं असा पेनड्राईव्ह, फार मोठा आधार ठरतो. त्याची वंशावळ सत्तर वर्षांहून जुनी आहे.

तिचं मूळ एका पेचात आहे. मशीन चालायला प्रोग्रॅम हवा आणि प्रोग्रॅम आत यायला मशीन चालायला हवं. आयबीएमच्या 701 या 1952 च्या कॉम्प्युटरवर यासाठी 'लोड' नावाचं बटण होतं. ते दाबलं की पंच केलेल्या कार्डांतून, टेपवरून किंवा ड्रमवरून पहिल्या थोड्या सूचना आत येत आणि पुढचं सगळं त्या सूचना ओढून आणत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक 1960 मध्ये कामाला लागला. त्यालाही काम सांगायचं ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. 1975 च्या अल्टेअर 8800 वर तर पुढच्या पट्टीवरचे खटके वरखाली करून सुरुवातीच्या सूचना हाताने भराव्या लागत.

हे सगळं किचकट होतं, पण त्यात एक मोठी गोष्ट होती: सुरुवात दर वेळी बाहेरून होत असे. मशीनच्या पोटात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. पट्टी फाटली तर दुसरी लावायची.

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएम पीसी आला. त्याच्या मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस हा छोटा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला होता. बटण दाबलं की तो मेमरी, कीबोर्ड तपासायचा, सगळं ठीक असेल तर एक बीप द्यायचा आणि फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचायचा. 1983 च्या पीसी एक्सटीमध्ये 10 एमबीची हार्ड डिस्क बसली आणि ऑपरेटिंग सिस्टीम कायमची घरात राहायला आली. रोज फ्लॉपी घालायची कटकट गेली. पण आपल्या ओळखीचा आजार जन्मला तोही इथेच. जी डिस्क मशीन सुरू करते तीच बिघडली तर काय करायचं?

त्यावरचा उतारा त्याच यंत्रात होता. बायोस आधी फ्लॉपी पाहायचा आणि ती नसेल तरच हार्ड डिस्ककडे वळायचा. म्हणजे बाहेरून सुरू होण्याचा जुना मार्ग कुणी बुजवला नव्हता. त्याच मार्गाने 1986 मध्ये लाहोरमध्ये लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसून फिरला. तरीही तो मार्ग उघडा राहिला याचं मोल मोठं आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर असतो फक्त 512 बाइटचा: 446 बाइट सूचनांना, 64 बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीला आणि शेवटचे 2 बाइट खुणेला. एवढा तुकडा खराब झाला तरी अख्खी डिस्क मेल्यासारखी वाटते. फोटो मात्र आत जिथल्या तिथे असतात. "विंडोज उडालं" म्हणजे सगळं गेलं, असं धरून रडणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

1995 च्या विंडोज 95 ने बिघडलेलं मशीन वाचवण्याची ही विद्या घराघरांत आणली. तिच्यात स्टार्टअप डिस्क बनवायची सोय होती आणि एफ8 दाबून सेफ मोडमध्ये शिरता येत होतं. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन उठतं, म्हणून नडणारा ड्रायव्हर काढून टाकता येतो. त्याच वर्षी सीडीवरून मशीन सुरू करण्याची पद्धत ठरली. 2000 मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स काढलं. ती सीडी घातली की हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण लिनक्स चालू व्हायचं आणि अडकलेल्या फाइली बाहेर काढता यायच्या. पुढे सीडीची जागा पेनड्राईव्हने घेतली.

आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गांमधून कॉम्प्युटर चालवणं गावोगाव पोचलं, पण वाचवणं दुकानातच राहिलं. दुकानात सरधोपट उपाय एकच, फॉरमॅट मारायचा. मशीन चालू होतं आणि आठवणी पुसल्या जातात. मला याची खरोखर खंत वाटते, कारण क्रम उलटा हवा. आधी डेटा काढायचा, मग दुरुस्ती करायची.

विंडोज 7 पासून दुरुस्तीची साधनं डिस्कवरच एका वेगळ्या कोपऱ्यात ठेवली जातात. मशीन लागोपाठ काही वेळा उठलं नाही की ती आपोआप पुढे येतात. सोय चांगली आहे, पण डिस्कच गेली तर तीही जाते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर अडकले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय निघाला तो जुनाच. बहुतेक ठिकाणी एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून, अपडेटची ती सदोष फाइल पुसावी लागली.

म्हणून पावसाळ्याच्या बेगमीत हा पेनड्राईव्हही धरावा. मशीन धड असतानाच, किमान 8 जीबीच्या रिकाम्या पेनड्राईव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोजची प्रत करून ठेवावी. सोबत लिनक्सचा एक वेगळा पेनड्राईव्ह असला तर उत्तमच, फाइली काढायला तो सोपा. नव्या लॅपटॉपची डिस्क बरेचदा कुलूपबंद असते. तिची 48 अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवावी, कारण ती नसेल तर बाहेरून सुरू केलेल्या मशीनलाही डिस्क वाचता येत नाही.

मशीन अडलंच तर आधी वीज काढावी. आमच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवर थर चढतो. ती काढून टोकं खोडरबराने हलकी पुसून बसवली की कित्येक मशीन तिथेच जागी होतात. नाही झालं तर पेनड्राईव्ह लावून बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडण्याची यादी) उघडावा, फाइली दुसरीकडे घ्याव्यात आणि मगच स्टार्टअप रिपेअर किंवा सिस्टीम रिस्टोअर करावं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कोणतीही दुरुस्ती चालवू नये, सरळ जाणकाराकडे न्यावी.

22 जुलै 2021 च्या महापुरात महाड पाण्याखाली गेलं. पाण्यात बुडालेल्या डिस्कपुढे कुठलाही पेनड्राईव्ह चालत नाही. तिथे उपयोगी पडते ती आधीच दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत. टिफ्रॅकच्या पट्टीपासून आजपर्यंतचा धडा हाच आहे: मशीनला वाचवणारी वस्तू मशीनच्या बाहेर असावी लागते, आणि ती गरज पडण्याआधी तयार असावी लागते.