संशोधनविषयाची निवड (परभणी जिल्हा)

संशोधनविषयाची निवड : हाताशी असलेली मुदत, साधने आणि माहिती यांत पुरा होईल एवढा आटोपशीर प्रश्न संशोधनासाठी ठरवणे. परभणीत १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात (आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) एम.एस्सी.चा विद्यार्थी मार्गदर्शक आणि सल्लागार समितीपुढे संशोधनाचा आराखडा ठेवतो. खरीप हुकला की वर्ष गेले, म्हणून विषय पेरणीआधीच पक्का व्हावा लागतो.

‘सोयाबीनचे उत्पादन’ हे नुसते क्षेत्र झाले. रुंद वरंबा-सरीवरील कोरडवाहू सोयाबीनला गंधकाच्या वाढत्या मात्रा दिल्यास दाण्यातील तेल किती वाढते, हा विषय. चार मात्रा, तीन पुनरावृत्ती म्हणजे बारा वाफे. त्यात तीन जाती घातल्या की छत्तीस. कोळपणी-काढणीला मजूर मिळतात किती, यावरही विषयाची रुंदी ठरते.

‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात या विद्यापीठातली. भेंडीची पुसा सावनी ही जात केवडा रोगाला बळी पडू लागली होती. जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी उत्पादन, रंग, टिकाऊपणा असे सगळे एकदम हाती न घेता या एका रोगावर लक्ष ठेवले. रानटी प्रजातीतील प्रतिकारशक्ती पुसा सावनीशी संकर करून भेंडीत आणली आणि १९८६ मध्ये या जातीची माहिती प्रसिद्ध केली. अर्थात, असे काम अनेक पिढ्यांचे असते, दोन वर्षांच्या पदवीत ते बसत नाही.

सामाजिक शास्त्रांत ‘विशेष संदर्भ : परभणी जिल्हा’ हे शेपूट जोडले की विषय मर्यादित झाला, असा समज बळावला आहे. तो खरा नाही. नऊ तालुक्यांतील बचत गटांचा ‘चिकित्सक अभ्यास’ एकट्याला पेलत नाही. एका तालुक्यात कर्जावर घेतलेल्या शेळ्या तीन वर्षांनी किती उरल्या, हे पेलते. शिवाय १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला. त्यामुळे १९९१ आणि २००१ च्या जनगणनांतील ‘परभणी जिल्हा’ एकच नव्हे. तुलना करायची तर तालुकावार आकडे घ्यावे लागतात. निजामकाळाचा विषय घेणाऱ्याने आधी स्वतःला उर्दू वाचता येते का ते पाहावे, कारण त्या काळचे बरेच सरकारी दप्तर उर्दूत आहे.