काट्यावर भरवसा किती?

आजचा विषय लढाईचा नाही, कॅमेऱ्याचा आहे. फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा, हे माणसाने ठरवायचं की यंत्राने?

प्रकाश दोन गोष्टींनी आवरता येतो. भिंगातलं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती मोठं आणि शटर किती वेळ उघडं. पूर्वी हे अंदाजाने चाले. स्वच्छ ऊन असेल तर एफ-१६ आणि १०० च्या फिल्मला सेकंदाचा १२५ वा भाग, हा आमचा पाढाच होता.

१९३८ साली कोडॅकचा सुपर सिक्स-२० आला. ऑटोमॅटिक एक्स्पोजरचा हा पहिला कॅमेरा. सेलेनियमच्या पट्टीवर ऊन पडलं की वीज तयार होई, काटा हले आणि काट्याच्या जागेवरून छिद्र ठरे. बॅटरी नाहीच. पण किंमत २२५ डॉलर, त्यामुळे तो मोजक्या लोकांकडेच पोचला. पुढे १९५९ मध्ये आग्फा ऑप्टिमाने छिद्र आणि शटर दोन्ही आपणच ठरवायला सुरुवात केली. १९७६ चा कॅनन एई-१ तर मायक्रोप्रोसेसर घेऊन आला आणि प्रचंड खपला. फक्त बॅटरी संपली की त्याचं शटर हलत नसे. १९८२ मध्ये निकॉनने उलट्या दिशेचा एफएम-२ काढला. बॅटरी फक्त मीटरपुरती. शटर पूर्ण यांत्रिक, सेकंदाच्या ४००० व्या भागापर्यंत.

आता माझी गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमची कंपनी काश्मीरमध्ये बर्फात होती. आमचे एक हवालदार त्या वसंतात पेन्शनवर जाणार होते. "साहब, सेक्शन के साथ एक फोटो. घर में लगाऊंगा." माझ्याकडे नवा ऑटोमॅटिक कॅमेरा. सगळ्यांना बर्फावर उभं केलं आणि बटण दाबलं.

रोल धुवायला खाली जाईपर्यंत ते घरी गेले होते. फोटो पाहिला तर बर्फ राखाडी आणि चेहरे काळेठिक्कर. तरी पाठवला. उत्तर आलं: "फोटो मिल गया साहब. इसमें मैं कौन सा हूँ?"

दोष यंत्राचा नव्हता. मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढरा बर्फ दिसला की त्याला वाटतं प्रकाश फार झाला, आणि तो छिद्र आवळतो. दीड-दोन स्टॉप जास्त प्रकाश द्यायला हवा होता. त्यासाठीची चकतीसुद्धा माझ्या कॅमेऱ्यावर होती. मी तिला हात लावला नाही, कारण यंत्र बघून घेईल अशी माझी समजूत होती.

तेव्हापासून माझा हिशोब साधा आहे. लग्नात, मुलं पळत असताना, उजेड मिनिटामिनिटाला बदलत असताना ऑटोमॅटिक. तिथे हाताने चकत्या फिरवत बसलं तर क्षण जातो. बर्फ, वाळू, पाठीमागे खिडकी, पांढऱ्या साडीतली आजी, अशा ठिकाणी मॅन्युअल.

कपाटात जुना कॅमेरा असेल तर एक रोल घाला. पांढऱ्या भिंतीपुढे घरातल्या कुणाला उभं करा. एक फोटो मीटर सांगेल तसा, दुसरा दोन स्टॉप जास्त देऊन काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. मला हे आधी कुणी दाखवलं असतं, तर एका घराच्या भिंतीवर आज चेहरा ओळखू येणारा फोटो असता.