जलसा, रिंगटोन आणि आपले क्रियापद

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बारडोली आहे. त्याच मार्गावर पुढे नवापूरला दोन राज्यांची सीमा स्थानकातूनच जाते. शब्दांना मात्र अशी रेषा ठाऊक नसते. अरबीतील ‘जलसा’ म्हणजे बैठक. फारसीच्या वाटेने तो मराठीत आणि गुजरातीतही आला. मराठीत त्याला गाण्याच्या कार्यक्रमाचा अर्थ लाभला. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा विचार पुढे जलशांनी खेडोपाडी पोहोचवला. बोलीतल्या गुजरातीत मात्र ‘जलसा’ म्हणजे मौजमजा.

इंग्रजी ‘रिंगटोन’ही तसाच दोन्ही घरांत शिरला. क्रियापद मात्र ज्याचे त्याचे राहिले. मराठीत फोन ‘वाजतो’, गुजरातीत ‘वागे छे’; आणि मराठीत ‘वागणे’ म्हणजे तर वर्तन करणे! म्हणून सीमेपलीकडील मराठी घरांनी परक्या नामांची धास्ती बाळगू नये. नामे पाहुणी म्हणून येतात आणि घरची होतात. आपले मूल ‘फोन वागला’ म्हणू लागले, की मात्र सावध व्हावे. जमिनीप्रमाणे भाषेवरचा हक्कही वहिवाटीने टिकतो, आणि भाषेची वहिवाट तिच्या क्रियापदांत असते.