घोडं कुठे अडलं होतं? गंधकाम्लाच्या कारखान्याची गोष्ट

रसायन उद्योगाचा इतिहास सांगताना आपण विचारतो, शोध कुणी लावला? मी आज वेगळा प्रश्न घेणार आहे. घोडं कुठे अडलं होतं?

गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड घ्या. सुरुवातीला ते काचेच्या भांड्यांत बनायचं. काच किती मोठी करणार? १७४६ मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रोबक यांनी शिशाच्या पत्र्याच्या खोल्या वापरल्या, कारण या ॲसिडपुढे शिसं टिकतं. उत्पादन वाढलं, भाव उतरले.

मग अडथळा पुढे सरकला. गंधकाच्या धुराचं ॲसिड व्हायला सोऱ्यापासून मिळणारे नायट्रोजनचे ऑक्साइड लागतात. ते नुसते मध्यस्थ; काम करून पुन्हा मोकळे होतात. पण शेवटी ते धुराड्यातून निघून जायचे. म्हणजे सोरा सारखा विकत घ्यायचा! ब्रिटनला तो आधी मुख्यतः आपल्या बिहारमधून जायचा, पुढे चिलीतून येऊ लागला.

१८२७ मध्ये फ्रान्समधल्या गे-ल्युसॅक यांनी उपाय सुचवला. धुराड्याच्या आधी एक मनोरा बांधा, वरून तीव्र ॲसिड सोडा. ते हे वायू शोषून घेईल. उत्तर मिळालं ना? तरी पुढची तीसेक वर्षं फार थोड्या कारखान्यांनी तो मनोरा बांधला. का? शोषलेले वायू सोडवायला ॲसिडात पाणी घालावं लागे, आणि पातळ झालेलं ॲसिड पुन्हा आटवायला कोळसा लागे. सोऱ्यात वाचलेला पैसा भट्टीत जायचा.

१८५९ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन ग्लोव्हर यांनी दुसरा मनोरा उभा केला, तो सुरुवातीच्या टोकाला. गंधकाच्या भट्टीतले तप्त वायू खालून वर, ॲसिड वरून खाली. त्या उष्णतेने अडकलेले वायू सुटले, ॲसिड आटलं आणि भट्टीचे वायूही थंड झाले, जे हवंच होतं. गे-ल्युसॅक यांचा मनोरा खऱ्या अर्थाने कामाला आला तो यानंतर.

इथेही गोष्ट संपली नाही. या पद्धतीचं ॲसिड साधारण ७८ टक्क्यांच्या वर जाईना, आणि कृत्रिम रंगांच्या कारखान्यांना त्याहून तीव्र हवं होतं. त्यातून काँटॅक्ट पद्धतीला जोर आला.

तुमच्यापैकी कुणी प्लँटवर असाल तर एवढं लक्षात ठेवा. एक जागा मोकळी करण्याआधी, पुढे घोडं कुठे अडेल, ते आधी बघून घ्या. गे-ल्युसॅक यांचं उत्तर बरोबर होतं. तरी त्याला तीस वर्षं थांबावं लागलं.