फळबाजारापासून साखर कारखान्यापर्यंत

केंब्रिजमध्ये लिहिलेला धनंजयराव गाडगीळांचा भारतीय उद्योगांवरचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने आला, तेव्हा ते जेमतेम तेविशीत होते. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि सूत्रे त्यांच्याकडे आली.

इथे त्यांच्या अभ्यासाचे वेगळेपण दिसते. संस्थेच्या सुरुवातीच्याच प्रकाशनांत, १९३३ साली, पुण्यातील फळबाजाराची पाहणी आहे. बागाईतदाराचे फळ अडत्याकडे येते, तिथून किरकोळ विक्रेत्याकडे जाते; वाटेत कोणाच्या हाती काय पडते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे असे मानणे त्या काळी मोठेच धाडस होते.

त्याच प्रश्नाने त्यांना प्रवरानगरला नेले. तिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवले, सहकारी साखर कारखान्यासाठी भागभांडवल उभारले. गाडगीळ अध्यक्ष झाले. १९५०च्या अखेरीस गाळप सुरू झाले. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक!

पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे १९६९चे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात साठ टक्के वजन लोकसंख्येला होते. ३ मे १९७१ रोजी, दिल्लीहून पुण्याला परतताना, रेल्वेतच त्यांचे निधन झाले.