औषधाच्या लेबलावरील रुग्णाचे नाव : एक ऐतिहासिक टिपण

बनावट आणि हलक्या प्रतीच्या औषधांच्या प्रश्नावर ब्रिटिश सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम अस्तित्वात आले.

त्या काळी कंपाउंडर डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार मिश्रण तयार करून देत असे. मात्रा कळावी म्हणून बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटविली जाई. अशा औषधाच्या लेबलावर पुरवठादाराचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे परिमाण, नोंदवहीतील अनुक्रमांक आणि पोटात घ्यावयाचे असल्यास मात्रा लिहिणे नियम ९४ नुसार आवश्यक आहे.

कालांतराने कारखान्यात तयार झालेल्या गोळ्यांनी मिश्रणाची जागा घेतली. त्यांच्या वेष्टनावर नियम ९६ नुसार औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदतसमाप्तीची तारीख छापावी लागते. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोडही बंधनकारक झाला. बनावट औषध ओळखणे यामुळे सुकर झाले. मात्र रुग्णाचे नाव विक्रेत्याच्या नोंदीपुरते उरले आणि मात्रा डॉक्टरांच्या चिठ्ठीत राहिली. चिठ्ठी हरवली, तर घरातील वृद्धाला गोळी कोणाची व किती घ्यावयाची हे वेष्टनावरून कळत नाही. नियम ९४ कायम असूनही त्याचा मूळ हेतू व्यवहारात मागे पडला, असे म्हणावे लागते.